हजेरीची वही आणि उचलीची वही

प्रश्न थोडक्यात असा: "देवगडजवळ वडिलांच्या दोन बोटी आता मी बघतो. वाचनात आलं की परदेशात दारू पिणाऱ्या कामगारांची कमाई न पिणाऱ्यांपेक्षा दहाएक टक्क्यांनी जास्त निघते आणि सिगारेट ओढणाऱ्यांची कमी. आमच्या बोटीवर सगळेच काही ना काही घेतात आणि पगार तर सगळ्यांचा सारखाच आहे. मग व्यसनाचा कमाईशी संबंध आहे की नाही?"

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. तुमच्या बोटीवर दिसतं तेही खोटं नाही. संबंध आहे, पण तुम्ही तो पगाराच्या रकान्यात शोधताय आणि तिथे तो क्वचित सापडतो. मी एकतीस वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्या. बहुतेक बोटींच्या, शिवाय वेंगुर्ल्याकडच्या दोन काजू कारखान्यांच्या, काही आंबा बागायतदारांच्या आणि बांधकामाचे दगड काढायच्या एका चिरेखाणीच्या. या सगळ्यांकडे दोन वह्या असतातच: एक हजेरीची, एक उचलीची, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांची. दर मालक ठरवतो आणि तो बहुधा गावभर एकच असतो. दारूला दराशी फारसं देणंघेणं नसतं. ती हजेरी खाते, उचल फुगवते आणि पुढच्या हंगामात माणसाला दर मागायची सोय ठेवत नाही. यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

आधी परदेशी आकड्यांचं बघू, कारण त्यांच्यामुळे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो.

१९८८ साली बर्जर आणि ली या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी पिणाऱ्यांची मजुरी न पिणाऱ्यांपेक्षा जास्त भरते असं मांडलं, तेव्हापासून हा विषय चघळला जातोय. २००५ मध्ये कॅनडातल्या ऑल्डने तिथल्या माणसांचे आकडे तपासले. पिणाऱ्यांचं उत्पन्न दहा-बारा टक्क्यांनी वर आलं, धूम्रपान करणाऱ्यांचं बरंच खाली. नेदरलँड्समध्ये व्हान ऊर्सने २००४ मध्ये पुरुषांबद्दल साधारण तेच काढलं: दारूने दहाएक टक्के वर, सिगारेटने दहाएक टक्के खाली, म्हणजे दोन्ही करणारा जागच्या जागी. त्याआधी, १९९७ मध्ये, लेव्हाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शिक्षण वगैरे सगळं सारखं धरूनही सिगारेट ओढणाऱ्यांची मजुरी चार ते आठ टक्क्यांनी कमी दाखवली होती. २००६ मध्ये पीटर्स आणि स्ट्रिंगहॅम तर म्हणाले की महिन्यातून एकदा तरी बारमध्ये जाणारा पुरुष नुसत्या पिणाऱ्यापेक्षाही सात टक्के जास्त कमावतो, कारण तिथे ओळखी होतात.

ओळखीचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्या देशांत ऑफिस सुटल्यावर साहेबाबरोबर एक ग्लास घेणाऱ्याला बढतीची बातमी आधी कळत असेल. पण तुमचा खलाशी कोणाबरोबर पितो? दुसऱ्या खलाशाबरोबर. तिथे फार तर शेजारच्या बोटीवर जागा आहे एवढं कळतं. आणि तेही कळून उपयोग नसतो. का ते पुढे उचलीपाशी सांगतो.

त्या आकड्यांमधली खरी मेख वेगळी आहे. "न पिणारे" म्हणून ज्यांना मोजलं ते कोण होते? त्यात जन्मभर थेंब न घेतलेले आले, आणि पिऊन पिऊन यकृताची वाट लागल्यावर डॉक्टरने बंद करायला लावलेलेही आले. हे दुसरे आजारी, म्हणून कमाई कमी. त्यांना कोरड्यांच्या गटात टाकलं की कोरडे गरीब दिसू लागतात. शिवाय पैसा आणि दारू यांतलं आधी कोण आणि मागून कोण, हेही बघावं लागतं. हातात पैसा खुळखुळला की माणूस चांगल्यातली घेतो, वरचेवर घेतो. मार्च-एप्रिलमध्ये आंब्याच्या बागांत आणि काजूच्या बियांत पैसा फिरतो तेव्हा आमच्याकडे उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, हीही जास्त खपते. म्हणून उराकामुळे आंबा पिकला असं कोणी म्हणत नाही.

माणसं अशी गाळली जाऊन आकडे कसे फसवतात, त्याचा आपल्याकडचा नमुना सांगतो. माझ्या वह्यांमध्ये एक तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, होता. त्याला मासळी कळायची. पाण्याचा रंग, ओढ, पाखरं कुठे बसतात यावरून तो जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचा आणि दहातल्या सात वेळा बरोबर यायचा. भरपूर पिणारा. कधी कधी बोट सुटायच्या वेळी त्याला घरून धरून आणावं लागायचं. तरी तीन मालक त्याच्या मागे. त्याच बंदरात त्याच्याइतकंच पिणारे आणखी दहा-बारा जण होते, पण त्यांच्या हातात ती कला नव्हती. ते एकेक करून उतरवले गेले. कोणी किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढायला जाऊ लागला, कोणी चिरेखाणीवर, कोणी घरी बसला. आता तुम्ही आज बोटीवर असलेल्यांचीच मोजणी केलीत, तर पिणाऱ्यांत उरलाय तो तांडेल आणि त्याची कमाई सगळ्यांत जास्त! पिणारा जास्त कमावतो असा निष्कर्ष काढायला मोकळे. खरं एवढंच आहे की ज्याच्या अंगात कसब असतं त्याचं पिणं मालक चालवून घेतो, बाकीच्यांचं नाही. तुमच्या बोटीवर सगळे घेतात आणि पगार सारखा आहे यामागेही हेच असणार. ज्यांचं पिणं परवडलं नाही ते तुमच्या वडिलांच्या जुन्या वहीत असतील, आजच्या नाही.

आता हजेरीकडे. पगारी बोटीवर फेरीच्या हिशेबात खाडा लपतो, कारण माणूस बोटीवर चढला की चार-पाच दिवस तो तिथेच असतो. वाट्यावरच्या बोटीवरही लपतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन जे उरतं त्याचे वाटे पडतात आणि एकाने अर्ध्या अंगाने जाळं ओढलं तर त्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. तांडेल चार शिव्या देतो आणि गप्प बसतो. म्हणून दारूचा परिणाम मोजायचा तर बोट ही वाईट जागा. मला तो स्वच्छ दिसला चिरेखाणीवर, कारण तिथे पैसे नगावर. जेवढे चिरे निघतील तेवढे पैसे. दर सगळ्यांना एकच, तरी शनिवारी हातात पडणारी रक्कम एकाची दुसऱ्याच्या दीडपट. मी काही महिने कुतूहल म्हणून तारखा लावून बघितल्या. रोजचे नग फारसे वेगळे नव्हते. रात्री पिऊन सकाळी खाणीवर आलेला माणूसही दुपारपर्यंत आपले नग काढायचा, डोकं दुखत असलं तरी. फरक होता तो न आलेल्या दिवसांचा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आणि आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

साधा हिशेब करून बघा. आकडे धरलेले आहेत, तुमच्याकडचे घाला. रोज ७०० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे न पिणाऱ्याचे १८,२००. पिणाऱ्याचे पाच खाडे झाले की २१ दिवसांचे १४,७००. दिवसाआड एक क्वार्टर १८० रुपयांची, महिन्याला पंधरा, म्हणजे २,७००. तंबाखू, चुना, पान, विडी मिळून रोजचे ४०, म्हणजे १,२००. घरी पोचले १०,८००. दर दोघांचा ७०० च. घरात पोचणाऱ्या पैशांत ७,४०० चा फरक. आणि या ७,४०० मधला जवळजवळ निम्मा, ३,५०० रुपये, खाड्यांचा आहे. बायका भांडतात त्या बाटलीच्या पैशांवरून. खाड्याचे पैसे कोणाच्या हातात आलेलेच नसतात, त्यामुळे ते गेले हेही कोणाला कळत नाही.

याच्याशी जुळणारा एक प्रयोग आपल्याच देशातला आहे आणि तुम्ही अर्थशास्त्राचं वाचता म्हणून मुद्दाम सांगतो. फ्रँक शिल्बाख या अर्थशास्त्रज्ञाने चेन्नईत सायकलरिक्षा ओढणाऱ्या २२९ जणांना तीन आठवडे रोज एका जागी यायला सांगितलं. श्वास तपासणारं यंत्र लावायचं आणि जो दिवसा कोरडा येईल त्याला थोडे जास्त पैसे द्यायचे. २०१९ मध्ये हे छापून आलं. दिवसाचं पिणं कमी झालं. रात्रीचं धरून एकूण पिणं फारसं कमी झालं नाही. आणि गंमत अशी की कमाईत म्हणण्यासारखा फरक पडला नाही; तेवढेच तास, तेवढेच पैसे. वाढली ती बचत, आणि तीही जवळजवळ निम्म्याने. दारूवर वाचलेल्या पैशांनी एवढी बचत होत नव्हती. माणूस शुद्धीत असताना पैसा हातात आला की तो ठेवायचं त्याला सुचतं, एवढाच त्याचा अर्थ. मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. कोरडं राहण्याची अट नसलेले पैसे समोर असताना, थोडं नुकसान सोसूनही बऱ्याच जणांनी अटीचे पैसे निवडले. स्वतःला बांधून घ्यायची त्यांचीच इच्छा होती.

आपल्याकडे हे नवीन नाही. देवळात गाऱ्हाणं घालून सोडणारे असतात, माळ घालणारे असतात. गळ्यात माळ आली की दारूही सुटली आणि मासेही सुटले. मासेमारी करणाऱ्याने मासे सोडायचे म्हणजे केवढी अट! तरी घालतात, कारण नुसतं "आता पिणार नाही" याला गावात कोणी विचारत नाही, माळेला विचारतात. माळकऱ्याला कोणी ग्लास पुढे करत नाही हा तिचा खरा फायदा.

आता उचल. तुमच्या प्रश्नाचं गाभ्यातलं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी शाकारलेल्या, जाळी विणायला काढलेली, खलाशाला पगार नाही किंवा नावापुरता. त्याच दिवसांत मुलांच्या शाळा सुरू होतात आणि छप्पर गळतं. थोड्याच दिवसांनी गणपती येतात. मालक हंगाम धरायला उचल देतो, दहा हजार, वीस हजार, चांगल्या माणसाला त्याहून जास्त. या पद्धतीत मुळात वाईट काही नाही. बँक जे देत नाही ते मालक देतो, व्याजही सहसा लावत नाही. पण व्याज नाही म्हणजे फुकट आहे असं समजू नका. उचल फिटेपर्यंत तो माणूस तुमचा. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या बोटीने महिन्याला दोन हजार जास्त देऊ केले तरी तो हलू शकत नाही. आधी उचल टाक, मग जा.

न पिणाऱ्याची उचल साधारण दिवाळीपर्यंत फिटते. मी वहीत ती रेघ अनेकदा मारलीय. त्यानंतर तो मोकळा असतो आणि मालकाला ते माहीत असतं, म्हणून न मागता त्याला हजार-पाचशे वाढवून मिळतात, किंवा तांडेलाच्या हाताखाली सुकाण धरायला मिळतं. पिणाऱ्याची उचल फिटत नाही. दर फेरीला पाचशे-हजार नवीन चढतात: "घरात आजारपण आहे", "मोबाईल बिघडला". मार्चमध्ये शिमग्याला आणखी थोडे. मेच्या शेवटी जुनी बाकी शिल्लकच असते आणि तिच्यावर जूनची नवी उचल. हा माणूस दर मागू शकत नाही. मागितला तर मालक वही उघडून दाखवतो.

पाच वर्षं एकाच बोटीवर, एकाच पगारावर काढलेल्या दोन माणसांच्या वह्या मी शेजारी ठेवून बघितल्यात. पहिल्या वर्षी दोघांचा पगार सारखा. पाचव्या वर्षी एक दुसऱ्या बंदरात तांडेल म्हणून गेलेला, दुसरा तिथेच, त्याच दरावर, बाकी अडतीस हजार. कुठल्याही एका महिन्याचं पगारपत्रक काढलंत तर व्यसनाचा परिणाम शून्य दिसेल. पाच वर्षांची वही काढलीत तर दुसरं काही दिसणारच नाही.

आणि इथे मालकांचंही चुकतं, तुमच्या वडिलांच्या पिढीचं तर नक्कीच. काही मालकांना उचल न फिटणारा माणूस हवाच असतो. तो स्वस्तात पडतो. चांगली मासळी लागली की खलाशांना बाटली द्यायची, तिचे पैसे कधी मालकाच्या खर्चात, कधी गुपचूप उचलीत. मी हे लिहिलंय, माझ्या हाताने लिहिलंय, आणि ते लिहायला नको होतं. दक्षिण आफ्रिकेत केप भागातल्या द्राक्षबागांमध्ये मजुरीचा काही भाग वाइनमध्ये देण्याची रीतच होती. बंदी आल्यावरही तिचे परिणाम पिढ्यान् पिढ्या राहिले. आपल्याकडे कायद्याने मजुरी रोख किंवा खात्यात द्यायची असते, वस्तूत नाही. बाटली उचलीत मांडणं हे त्याच्या विरुद्धच जातं. कोणी पकडत नाही ही वेगळी गोष्ट.

नेपाळी, ओडिया, आंध्रचे खलाशी आता आपल्या बोटींवर बरेच असतात आणि बागांची राखण तर बहुतेक नेपाळी लोकांकडेच आहे. त्यांच्याबद्दल "ते फार पितात" असं सर्रास बोललं जातं. माझ्या वह्या तसं म्हणत नाहीत. घरापासून दूर, बोटीवर किंवा बागेतल्या खोपीत एकटा राहणारा कुठलाही माणूस जास्त पितो. आपले चाकरमानी मुंबईत गिरणगावातल्या खोल्यांवर राहायचे तेव्हा तेही प्यायचे. उलट यांच्यात पैसे घरी पाठवण्याची शिस्त मला जास्त दिसली. महिन्याला ठरलेली रक्कम गावी गेली की मग उरलेल्यात काय ते.

दारूबद्दल आणखी एक गोष्ट, हिशेबाच्या बाहेरची, पण बोट चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवी. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाला तुम्ही फेरीवर नेलंत आणि बोटीवर दारू बंद ठेवलीत, तर त्याचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, कधी झटके येतात. आमच्या एका बोटीवर तिसऱ्या रात्री एक जण ओरडत उठला, "बोटीर माणसा चढतत!" आणि पाण्यात उडी मारायला गेला. दोघांनी धरून दोरीने बांधला आणि बोट मागे फिरवली. त्याला वेड लागलं नव्हतं, भूतही नव्हतं. दारू अचानक तोडल्याने होतं ते, आणि जिवावर बेतू शकतं. अशा माणसाची दारू किनाऱ्यावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायची असते. "चार दिवस समुद्रात ठेवला की सुटेल" हा आपल्याकडचा इलाज धोक्याचा आहे. त्या एका फेरीचं डिझेल आणि बर्फ वाया गेलं, ते सगळ्यांच्या वाट्यातून गेलं.

तंबाखूचं गणित पूर्ण वेगळं आहे, आणि परदेशी अभ्यास आपल्याला इथे सगळ्यात कमी उपयोगाचे. ते सगळे सिगारेटवर आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू घेत होते आणि ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपला प्रश्न चुन्याच्या डबीचा आहे, पाकिटाचा नाही. तिकडे सिगारेट ओढणारा दर तासाला बाहेर जातो, साहेबाला वास येतो, आजारपणाच्या रजा वाढतात, म्हणून पगारावर परिणाम होतो असं सांगतात. आपल्याकडे तंबाखू मळायला कोणी बाहेर जात नाही. तळहातावर मळतात, दोन टिचक्या मारतात, ओठाखाली सारतात आणि जाळं ओढत राहतात. मळलेली चिमूट पुढे करणं ही तर बोटीवरची ओळख करून घ्यायची रीत आहे. हजेरीच्या वहीत तंबाखूचा एकही खाडा मला कधी सापडला नाही.

उलट खलाशी सांगतात, तंबाखू नसेल तर रात्रीची पाळी निभत नाही. ते खोटं बोलत नाहीत. भूक मरते, झोप पळते, हात चालतात. पण हे अर्धंच खरं आहे, कारण तंबाखूची सवय असलेल्याला तो दोन-तीन तास मिळाला नाही की जी चिडचिड आणि मरगळ येते, ती तंबाखूनेच आणलेली असते. तो स्वतःच केलेला खड्डा भरतोय. शिवाय भूक मेल्याने जेवण चुकतं, आणि अंगमेहनतीच्या माणसाने वीस वर्षं जेवण चुकवलं तर ते अंगावर दिसतंच.

तंबाखूचं बिल उशिरा येतं आणि एकदम येतं. चाळिशी-पंचेचाळिशीत तोंड उघडेनासं होतं, तिखट लागत नाही, गालात चट्टा. सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडतं, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. ज्या वयात खलाशाचा तांडेल होतो, त्याच वयात हे होतं. म्हणजे दारू त्याला वरच्या पायरीवर चढू देत नाही, आणि तंबाखू चढलेल्याला खाली आणतो. उपचारात बोटीवरचा एक हंगाम जातो, कधी घरातली जमीन जाते.

काजू कारखान्यात बायका मशेरी लावतात. सकाळी लावतात, दुपारी लावतात, काही जणी काम करतानाही. तिथे किलोवर पैसे, त्यामुळे मोजणं सोपं. मशेरी लावणारीचे किलो आणि न लावणारीचे किलो यांत मला काही फरक आढळला नाही. पण त्याच वहीत दुसरंच काही आढळलं, ज्याची मला अपेक्षा नव्हती. काही जणींची हजेरी ठरावीक महिन्यांत अचानक पूर्ण भरायची, एकही खाडा नाही, रविवारसुद्धा मागून घ्यायच्या. एकदा मी सहज विचारलं, काय गं, या महिन्यात जोर केलास? ती म्हणाली, "घोव घरात पडलोहा. मी नाय इलंय तर चूल कशी पेटतली?"

नवरा खलाशी होता, माझ्याच दुसऱ्या वहीत. त्याचे खाडे आणि तिची भरलेली हजेरी, दोन्ही मीच लिहीत होतो आणि मला ते कळलं नव्हतं. पुढे अशी तीन-चार घरं मला जुळवता आली. आता विचार करा, कोणी अभ्यासकाने त्या कारखान्यात जाऊन "घरात दारू आहे का" असं विचारत बायकांची कमाई मोजली असती, तर ज्या घरात दारू त्या घरची बाई जास्त कमावते असं निघालं असतं. आकडा खरा आणि अर्थ साफ उलटा. म्हणून एकट्या कामगाराची कमाई बघून हा प्रश्न सुटत नाही. घर एकत्र धरावं लागतं.

मालक म्हणून तुम्ही काय करू शकता ते सांगतो. उपदेश करू नका, त्याचा उपयोग झालेला मी एकदाही बघितला नाही. पगार संध्याकाळी देऊ नका, सकाळी द्या, आणि बाजाराच्या दिवशी द्या म्हणजे घरातलं माणूस बरोबर असतं. बाटली देणं आजपासून बंद. खूश करायचं तर तेवढे पैसे वाट्यात घाला किंवा सगळ्यांना मटणाचं जेवण द्या. उचल मागणाऱ्याला उचलीचा कागद दर महिन्याला दाखवा आणि समजावून सांगा. बऱ्याच जणांना आपली बाकी किती आहे हे मेपर्यंत माहीतच नसतं.

आणि कोणी स्वतः येऊन म्हणाला, "काका, पैसे माका नको, घरवालीकडे दिया", तर ते हसण्यावारी नेऊ नका. असं म्हणायला मोठी हिंमत लागते आणि ती सहसा सकाळी असते, संध्याकाळी नसते. त्याच वेळी कागद करा: किती रक्कम घरच्या खात्यात, किती हातात, त्याची सही, आणि तो म्हणेल तेव्हा बदलायची मुभा. मात्र त्याने न सांगता तुम्ही परस्पर हे केलंत तर तो त्याचा पगार आहे, तुमचा नाही, आणि तुम्ही अडचणीत याल. मी केलेल्या अशा कागदांपैकी निम्मे तरी दोन-तीन महिन्यांत मोडले. तेच लोक पुढच्या हंगामात पुन्हा आले, पुन्हा कागद केला. ज्याचं पिणं फार पुढे गेलंय त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तिथल्या दिवसांची उचल तुम्ही दिलीत तर ती तुमची बुडण्याची शक्यता सगळ्यात कमी.

शेवटी एक काम करा. तुमच्या बोटींच्या गेल्या पाच हंगामांच्या दोन्ही वह्या काढा. आत्ता बोटीवर असलेल्यांची नावं सोडून द्या. जे गेले त्यांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तो गेला तेव्हाची बाकी लिहा. मग तो आता काय करतो ते तांडेलाला विचारा, त्याला सगळ्यांचं ठाऊक असतं. हे जुलैच्या आत करा, कारण ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी तुम्ही पुन्हा उचल वाटायला बसाल.